हटवार सर आणि एक जास्तीचा सात

हटवार सरांकडे लाल पेन नव्हतं. शिंप्याकडे कात्री नसावी तसलाच हा प्रकार. सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे घेऊन आम्ही बाकीचे स्टाफरूममध्ये बसायचो आणि लाल शाईनं पानंच्या पानं रंगवायचो. हे गृहस्थ मात्र कोपऱ्यात बसून पेन्सिलीनं समासात एक बारीक टिंब द्यायचे. बस्स. चूक कोणती, बरोबर काय, काही लिहायचे नाहीत. टिंब दिसलं की त्या ओळीत गडबड आहे एवढं पोरानं समजायचं आणि आपली चूक आपण हुडकायची.

हेडमास्तरांनी एकदा टोकलंच. "हटवार सर, पालक म्हणतात तुम्ही वह्या तपासतच नाही."

"तपासतो न जी. दुरुस्त नाही करत."

"मग दुरुस्त कोण करणार?"

"ज्यानं केली तो. चूक त्याची हाय. मी काहून हिसकून घेऊ त्याच्यापासून?"

मी तेव्हा सिहोऱ्याच्या त्या शाळेत नवी होते, नागपूरहून आलेली, गणित शिकवायचे. आळशी माणसाला तत्त्वज्ञान लवकर सुचतं, असं मी मनातल्या मनात म्हटलं. पुढं बारा-तेरा वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसलो तेव्हा कळलं की या माणसाच्या अंगात बाकी काहीही असेल, आळस नव्हता.

सर पदार्थविज्ञान शिकवायचे. बपेऱ्याहून रोज सायकलनं यायचे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. गावातला कोणाचा रेडिओ बसला की तो पिशवीत घालून सरांकडे यायचा. सर दुरुस्त करून द्यायचे, पण शेवटचा स्क्रू स्वतः कसायचे नाहीत. मालकाच्या हातात द्यायचे. "कसा जी. तुमचा रेडिओ हाय." मालक बिचारा घाबरत घाबरत तो स्क्रू फिरवायचा आणि घरी जाऊन सांगायचा, मी आणि मास्तरनं मिळून रेडिओ नीट केला. सरांना हे ऐकून फार आनंद व्हायचा.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल, तेव्हा एका सरकारी योजनेतून आमच्या शाळेत दोन कॉम्प्युटर आले. नारळ फुटला, हार घातले गेले, हळदीकुंकू लागलं. हेडमास्तरांनी खोलीबाहेर चपला काढायचा नियम केला. यंत्र म्हणजे एक जाडजूड कळफलक आणि त्याला जोडलेला टीव्ही. लिहिलेला प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. साठवायच्या आधी लाईट गेली तर सगळं पाण्यात. आणि सिहोऱ्याची लाईट म्हणजे काय सांगावं.

नागपुरात दोन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आलेले एकटे हटवार सर. तेच शिकवायला लागले. वर्गात पन्नास पोरं आणि यंत्रं दोन. जो पोरगा कळफलकापाशी पोचायचा तो उठायचं नावच घ्यायचा नाही. बाकीचे त्याची पाठ बघत उभे.

"हे तर कीर्तन झालं मॅडम," सर मला म्हणाले. "एक बोलते, बाकीचे माना हालवते."

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. दोन यंत्रं एका वायरीनं जोडायची. प्रोग्राम मात्र एकच. दोन ठिकाणी दोन जण बसून तो एकाच वेळी लिहितील. इथं टाइप केलेलं तिथं उमटेल, तिथलं इथं, तेही लगेच, त्याच घटकेला. असं काही त्या यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात नव्हतं. नागपूरच्या प्रशिक्षणवाल्यांना त्यांनी पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही.

मी विचारलं, "पण कशाला सर? एकानं लिहावं, मग दुसऱ्यानं लिहावं."

"एकट्यानं लिहिलं का माणूस आपल्या चुकीच्या प्रेमात पडते. बाजूले कोणी पायजे. तो वाचणारा नाही, लिहिणाराच पायजे."

वायर त्यांनी स्वतः केली. दोन्ही टोकांच्या पिना भंगारातून आणल्या. ही जोडणी चालवणारा प्रोग्राम आकड्यांत लिहायचा होता, तो त्यांनी आधी वहीत लिहिला. रकानेच्या रकाने आकडे, आणि समासात स्वतःसाठीच दिलेली टिंबं. सहा-सात महिने हे चाललं. पहिल्या प्रयत्नात दोघांची अक्षरं एकमेकांत मिसळून खिचडी झाली. मग त्यांनी दोघांना दोन वेगळ्या ओळी दिल्या. तू तुझ्या ओळीत लिही, मी माझ्या. गरज पडली तर एक कळ दाबून दुसऱ्याच्या ओळीत शिरता यायचं.

ज्या दिवशी ते चाललं त्या दिवशी मी तिथं होते. मी या टोकाला माझं नाव टाइप केलं आणि खोलीच्या त्या टोकाला पोरांचा गलका झाला. हेडमास्तर धावत आले, चपला न काढता.

"म्हणजे ही तार झाली!" ते म्हणाले.

"तार नाही जी. तारीत एक धाडते, दुसरा वाचते. हे दोघायनं मिळून एक लिहिणं होय."

हेडमास्तरांनी जरा विचार केला. "पण सर, परीक्षेत दोघांनी मिळून लिहिलेलं चालत नाही."

हेडमास्तर बोलले ते काही खोटं नव्हतं.

आठवड्याभरात एक भानगड उभी राहिली. दोन मुली दोन टोकांना बसल्या होत्या. एकीच्या हातून एक अक्षर जास्तीचं पडलं. तिनं ते पाहिलं आणि खोडलं. दुसरीनंही पाहिलं आणि खोडलं. यंत्राला दोन हुकूम मिळाले, त्यानं दोन अक्षरं काढली. एक जास्तीचं, एक चांगलं. मग दोघींना दिसलं की अक्षर कमी आहे. दोघींनी ते घातलं. आता पुन्हा एक जास्त. पोरी मुकाट्यानं खोडतायत, मुकाट्यानं घालतायत, आणि ती ओळ काही सरळ होत नाही.

सिहोऱ्याकडची माणसंच तशी. शेजाऱ्याच्या कुंपणाची काटी निसटलेली दिसली तर जाता जाता बांधून टाकतील, सांगणार नाहीत. सांगितलं तर त्याला कमीपणा येईल ना. दुसऱ्याची चूक न बोलता निस्तरायची ही रीत घरोघर. शहरातली पोरं असती तर खोलीभर ओरडली असती, "ए, तुझं चुकलं बघ." ओरडली असती तर बरं झालं असतं.

सर या एका गोष्टीवर अडले. दोन हुकूम आले तरी हेतू एकच आहे, हे यंत्राला कसं कळावं? वही भरली, दुसरी भरली. यंत्राची स्मरणशक्ती एवढीशी, त्यात हे मावेना. रोवण्याचे दिवस आले तेव्हा एका रविवारी त्यांनी मला बपेऱ्याला बोलावलं. मला वाटलं जेवायला. तर त्यांनी मला बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, उभं केलं. चिखलात दहा-बारा बाया ओळीनं वाकून भाताची रोपं लावत मागं मागं सरकत होत्या. सरांची बायकोही त्यांत होती.

"पाहा मॅडम. एकच बांधी, दहा जणी, एकाच वक्ती. कोणाचं रोप कोणावर नाही पडत. यायले जमते, मले काहून नाही जमत?"

मग त्यांनी बायांनाच हाक मारली. "काहो, तुमचे हात एकमेकीले भिडत नाही का जी?"

एक म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भिडतेत न गुरुजी. काहून नाही भिडत?"

"मग काय करता?"

"हासतो!"

सगळी ओळ हसायला लागली. सरांची बायको तर चिखलात बसायचीच राहिली. सरही हसले. मग म्हणाले, "हासणं नाही बसवता येत यंत्रात." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्राचा नाद सोडून माणसांसाठी नियम केला. ज्याची चूक, पहिला मोका त्याचा. दुसऱ्यानं मनात पाच मोजायचे. पाचपर्यंत त्यानं दुरुस्त केली नाही, तरच हात लावायचा. पोरं पाच मोजायला शिकली. काम चाललं.

त्याच पावसाळ्यात सरांचा उजवा हात कापायला लागला. आधी आम्हाला वाटलं, सायकलचा शीण. मग फळ्यावरची अक्षरं लहान लहान होत गेली आणि शेवटच्या बाकावरची पोरं पुढं येऊन बसायला लागली. नागपूरच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या, त्यांनी सरांना झोप यायची. हाताचा कंप होता तिथंच.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांनी मला कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर एक ओळ होती. प्रत्येक अक्षर दोनदा, कुठं तीनदा.

"हात नखरे करून राहिला मॅडम," ते म्हणाले. "बोट कळीवरून उचलाच्या आधी दुसऱ्यानदा पडते."

"सर, तुम्ही तोंडानं सांगा. कोणीतरी पोरगा टाइप करेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली. "मी सांगीन अन् तो लिहीन, तर ते त्याचं झालं. मले लिहा लागते. तुम्ही त्या यंत्रावर बसान का?"

मी बसले. वर्गात सर पुढच्या यंत्रावर, मी मागच्या. पोरांना सांगितलं, मॅडमही कॉम्प्युटर शिकून राहिल्या. सर टाइप करायचे, कापऱ्या हातानं जास्तीची अक्षरं पडायची. मी मनात मोजायचे. एक, दोन, तीन. पुष्कळदा चारला सरांचं बोट खोडायच्या कळीवर पोचायचं आणि मला आपणच काहीतरी जिंकल्यासारखं वाटायचं. नाही पोचलं, तर पाचला मी खोडायचे. पोरांसमोर शेवटी उभी राहायची ती स्वच्छ ओळ. दोघांची म्हणा, पण सरांची. एक वर्ष, थोडं जास्तच, आम्ही असं शिकवलं. सर त्या दिवसांत उत्साहात होते. ज्या गोष्टीसाठी वायर जोडली होती त्यापेक्षा मोठ्या गोष्टीला ती कामी आली, असं ते म्हणायचे. पोरांना कळलं नव्हतं असं मी समजत होते. आता वाटतं, कळलं होतं, आणि आपल्या रीतीप्रमाणे ती गप्प राहिली.

पण गावाला डोळे असतात. कोणीतरी वर अर्ज केला की ज्या मास्तरला खडू धरता येत नाही तो यंत्र काय शिकवणार. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार असं पत्र आलं. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरांना बोलावून साफ सांगितलं, "साहेबांसमोर एक तास शिकवून दाखवा. स्वतःच्या हातानं एक प्रोग्राम लिहून दाखवा. जमलं तर तो अर्ज मी रद्द करून घेतो. नाही जमलं, तर माझ्या हातात काही नाही. तुम्हाला वर्ग मिळणार नाही."

"जमते जी," सर म्हणाले.

सरांनी सोपा प्रोग्राम निवडला. सतराचा पाढा. पाच-सहा ओळी. पाढा कशाचा हवा तो आकडा एका ओळीत घालायचा, पुढचं यंत्र करतं. आम्ही तो दहा वेळा लिहून पाहिला. आठ वेळा सरांना माझी गरज पडली नाही.

साहेब आले, खुर्ची टाकून सरांच्या अगदी शेजारी बसले. माणसं घाबरली की त्यांचा कंप वाढतो, हे डॉक्टरनं सांगितलेलं. सरांचा हात कळफलकावर गेला आणि साहेबांची नजर पडद्यावर न जाता त्या हातावर गेली. मग त्यांनी मान वळवून हेडमास्तरांकडे पाहिलं आणि ओठ जरा मुडपले. एवढंच. मागच्या यंत्रावरून मला ते दिसलं.

सरांनी सतरा टाइप केला. पडद्यावर आलं एकशे सत्त्याहत्तर. एक सात जास्तीचा.

मी मोजायला हवं होतं. एक म्हणायलाही थांबले नाही. ते मुडपलेले ओठ मला सहन झाले नाहीत. सरांचा तो सात त्या माणसानं बघू नये म्हणून मी झटकन त्यांच्या ओळीत शिरले आणि खोडला. त्याच क्षणी सरांनीही खोडला. दोन सात गेले. उरला एक.

सरांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी खोडलं होतं, म्हणजे खोडलं गेलं होतं. त्यांचा स्वतःवर तेवढा भरवसा होता. ते पुढच्या ओळीवर गेले. मी आता सात घालू का? घातला आणि त्यांनीही घातला तर? माझी बोटं कळफलकावर तशीच राहिली. सरांनी उरलेल्या ओळी एकही चूक न करता लिहिल्या. खरंच सांगते, एकही नाही. आणि प्रोग्राम चालवला.

पडद्यावर पाढा आला. एक, दोन, तीन, चार, पाच.

पोरांत कोणी हसलं नाही. साहेब हसले. "अहो, एवढं मोठं यंत्र घेतलं सरकारनं, ते एकाचा पाढा शिकवायला?"

सरांनी पडद्याकडे पाहिलं. मग त्या ओळीत परत गेले आणि सात टाइप करू लागले. हात आता त्यांच्या ताब्यात नव्हता. सात, सात, सात, सात. ओळ भरत गेली. ते खोडत होते, पुन्हा पडत होते. मी पाच मोजले. दहा मोजले. मग मोजणं सोडलं. पण हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

"ठीक आहे, ठीक आहे," साहेब उठले. "राहू द्या आता." हेडमास्तरांनी त्यांना चहाला नेलं. पोरं एकेक करून बाहेर गेली, आवाज न करता.

मी सरांजवळ गेले. "सर, माझं चुकलं."

"तुमचं काही नाही चुकलं मॅडम. सात एकच जास्त होता. दोघायनं काढला." त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं, तेही दोन प्रयत्नांत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी काढून राहिलो होतो न."

एवढंच बोलले. त्यावर कधी पुन्हा विषय नाही, राग नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. माझ्या दयेनं त्या माणसाचा वर्ग गेला, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

सरांना ग्रंथालयात बसवलं. यंत्रांवर प्लास्टिकचं आवरण आलं, खोलीला कुलूप लागलं. ज्या कॅसेटवर त्यांचं सहा-सात महिन्यांचं काम होतं तिच्यावर कोणीतरी स्नेहसंमेलनासाठी नाचाचं गाणं भरून घेतलं. सरांना मी ते सांगितलं नाही. त्यांनी ते गाणं गॅदरिंगला ऐकलं, टाळ्या वाजवल्या, कॅसेट ओळखली की नाही देव जाणे. ग्रंथालयात ते दीड-दोन वर्षं बसले. पुस्तकाच्या नोंदी पोरं करायची.

शेवटचं पाहिलं ते शाळेच्या ऑफिसात. स्वेच्छानिवृत्तीचे कागद करायला आले होते. बायको त्यांना धरून घेऊन आली आणि बाहेर बाकावर बसली. आमचा कारकून सरांचाच विद्यार्थी. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद पुढं ठेवले. मीही तिथंच होते, कसलं तरी रजेचं काम होतं.

सरांनी पहिल्या कागदावर सही केली. बराच वेळ लागला. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. कारकुनानं तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तीन सह्या तीन माणसांच्या वाटत होत्या. त्यानं सेवापुस्तकातली जुनी सही काढली, ती चौथ्याच माणसाची.

"सर," तो खाली बघत म्हणाला, "वर चालणार नाही हे. सह्या जुळा लागते."

"पुन्हा करतो न जी."

"कागद एवढेच आहेत सर." त्यानं सेवापुस्तक मिटलं. "अंगठा चालते. नियमात आहे."

कारकुनानं ड्रॉवर उघडून शाईचं पॅड काढलं, त्याचं झाकण उघडलं. सरांनी डावा हात पुढं केला. आता तोही कापत होता. पहिला अंगठा फासला गेला, कागदावर नुसता काळा डाग.

"मी धरतो सर. तुम्ही ढिला सोडा."

"धर."

त्यानं सरांचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला, पॅडवर दाबला, मग एकेका कागदावर नीट गोल फिरवून उठवला. सर आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसे बघत होते. कारकुनाचं अक्षर सुरेख. ठशाखाली त्यानं ओळ लिहिली: निशाणी डाव्या हाताचा अंगठा. मग कागद माझ्याकडे सरकवले.

"मॅडम, साक्षीदार म्हणून इथं सही करा."

मी तीन ठिकाणी केली. तिन्ही सारख्या आल्या.